जूनपर्यंतची बातमी

कोल्हापूर ते मलकापूर आणि कोल्हापूर ते आजरा. एस.टी.नं सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी जेवायला घरी येतो, एवढाच हा प्रवास. माझ्या शाळेतल्या मुली सहलीलासुद्धा याहून लांब जातात. पण भीत भीत मी केलेला हा एकच प्रवास, आणि तो कागदावर उतरवायला मला आठ वर्षं लागली. त्या वेळी लिहायची सोय नव्हती. आणीबाणीचं दुसरं वर्ष होतं. शिक्षकांच्या खोलीत डबा खाताना माणसं आधी दाराकडं बघत आणि मग बोलत. त्या चार दिवसांत मी एक ओळही टिपून ठेवली नाही. पुढं लिहिलंय ते सगळं आठवणीतलं.

मी मेहरून. तेव्हा एकोणतीस वर्षांची होते, मुलींच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि नोकरीत अजून कायम झाले नव्हते. अब्बांचं पुस्तकं बांधायचं छोटं दुकान होतं. देसाई वकील त्यांच्या जाडजूड कायद्याच्या पुस्तकांची बांधणी आमच्याकडं करून घेत. दिवाळीच्या सुट्टीत ते दुकानात आले आणि म्हणाले, "मेहरून, फिनलंड देशातनं एक बाई आल्यात. घोंगड्यांचा अभ्यास करतात. चार दिवस आपल्या भागात फिरायचंय, दुभाषी पाहिजे. जाशील काय?"

फिनलंड कुठं आहे ते मी आधी शाळेच्या नकाशात बघितलं आणि मग हो म्हणाले. सुट्टीत घरी बसून तरी काय करणार होते!

कोल्हापूर

बाईंचं नाव सिर्का. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये उतरल्या होत्या. पंचेचाळिशीच्या, उंच, मानेपर्यंत कापलेले करडे केस, जाड काचांचा चष्मा. मी नमस्कार केला, त्यांनी हात पुढं केला आणि मग आम्ही दोघी समोरासमोर बसून राहिलो. आपल्याकडं पाहुणा आला की 'प्रवास कसा झाला, जेवलात का, गाव कोणतं' सुरू होतं. सिर्काबाई काहीच बोलेनात. त्यांनी एकामागून एक तीन कप कॉफी घेतली आणि खिडकीतून टांगे बघत बसल्या. मला वाटलं, माझं इंग्रजी त्यांना पटलेलं दिसत नाही. पुढं कळलं, की त्यांच्या देशात गप्प बसणं हा पाहुण्याचा अपमान नसतो. बोलण्यासारखं नसेल तर माणसं बोलत नाहीत, एवढंच.

संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला गेलो. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्या थांबल्या.

"घोंगडी मला खरोखर आवडतात," त्या म्हणाल्या. "माझी आईही लोकरीचं विणायची. पण मी त्यासाठी आलेले नाही."

मग त्यांनी सरळ सांगितलं. केवळ वेगळं मत मांडलं म्हणून तुरुंगात टाकलेल्या माणसांसाठी जगभरातून पत्रं लिहिणाऱ्या एका संस्थेचं काम त्या करत होत्या. त्यांच्याकडं आपल्या जिल्ह्यातली दोन नावं होती. एक शाहूवाडीतल्या डोंगरातल्या गावचा म्हादू. तो शेतमजुरांच्या मोर्चाच्या पुढं चालायचा. दुसरा आजऱ्याचा एक तरुण प्राध्यापक. दोघांच्या घरी जायचं होतं. माणसाला कधी नेलं, कुणी नेलं, कागद दाखवला का, पत्र येतं का, एवढं विचारून लिहून घ्यायचं होतं.

मी विचारलं, "हे वकीलसाहेबांना माहीत आहे?"

"नावं त्यांनीच तपासून दिली."

वकीलसाहेबांना मी पुढं याचा जाब विचारला. ते म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर तुला झोप लागली नसती. एक रात्र तरी सुखानं झोपलीस न्हवं?"

"तू नाही म्हणू शकतेस," सिर्काबाई म्हणाल्या. "मी रागावणार नाही. तुला इथंच राहायचंय. मी चार दिवसांनी जाणार."

मी घरी येऊन अब्बांना सांगितलं. ते पुठ्ठ्याला चिकटवायची लेई लावत होते. त्यांनी हात थांबवला नाही. "तू जबान दी है क्या उनको?" मी म्हटलं, घोंगड्यांसाठी दिली होती. त्यांनी पुठ्ठा पुस्तकावर दाबून बसवला. मग म्हणाले, "नोकरी गयी तो दुकान है. पर डर के मत जा, और डर के मत रुक." हे ऐकायला चांगलं वाटलं, पण त्याचा मला काही उपयोग झाला नाही. मी घाबरलेलीच होते. सकाळी जाऊन नाही म्हणायचं, असं ठरवून टाकलं.

सकाळी लॉजवर गेले तर मॅनेजरच्या टेबलापाशी हवालदार उभा. परदेशी पाहुण्यांचा फॉर्म चौकीवर जातो, त्यावरून तो आला होता. सिर्काबाईंना त्याचं बोलणं कळत नव्हतं, आणि मी दारात दिसल्याबरोबर मॅनेजर ओरडला, "आल्या बगा त्यांच्या बाई!" आता मागं फिरायचं कसं?

"म्याडम कशापायी आल्यात?" हवालदारानं विचारलं.

"घोंगडी बघायला."

"आणि शाहूवाडीला जायाचं म्हणत्यात? घोंगडी बघायची तर पट्टणकोडोलीला जावा की! शाहूवाडीत काय हाय? नुस्ता भात."

"तिकडं पण जाणार आहोत," मी म्हटलं. "आधी डोंगरातल्या लोकांची बघायचीत. जुनी, घरात वापरातली."

त्यानं वहीत ते सगळं लिहून घेतलं. बाहेर भाड्याची ॲम्बेसेडर उभी होती. हवालदारानंच मोठ्या अदबीनं दार उघडून धरलं. सिर्काबाई बसल्या. त्यानं माझ्याकडं बघितलं. मीही बसले. नाही म्हणायचं राहूनच गेलं.

शाहूवाडी

ड्रायव्हर होते गणपतराव. पन्नाशीचे, मिशा पिळलेल्या, आवाज असा की शेजारच्या माणसाशी बोलले तरी पलीकडच्या शेतातला वळून बघे. सारखे आरशातून मागं बघत. मला वाटलं, हा माणूस पोलिसांचा असणार. बांबवड्यापर्यंत मी फक्त पिकांवर बोलले.

"बाई, ह्या म्याडम मुक्या हायत काय?" त्यांनी विचारलं.

"नाही. त्यांच्याकडं कमी बोलतात."

"मग त्येंच्या बायकांची भांडणं कशी हुत्यात?"

मी सिर्काबाईंना हे सांगितलं. त्या पहिल्यांदाच हसल्या. "बर्फ पडेपर्यंत थांबतात," त्या म्हणाल्या, "मग एकमेकींच्या दारातला बर्फ उपसत नाहीत."

मलकापूर सोडल्यावर रस्ता डोंगराच्या अंगानं चढू लागला. भाताची कापणी चालली होती. खाचरं पिवळी पडलेली, मधेमधे कापलेल्या पेंढ्या आडव्या घातलेल्या, आणि वरच्या जंगलाला काळसर हिरवा रंग. सिर्काबाई काच खाली करून वास घेत होत्या. एका चढाला गाडीचं पाणी उकळलं. गणपतराव डबा घेऊन ओढ्याकडं गेले आणि आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो. मागून एक जीप येताना दिसली. ती जवळ येईपर्यंतची दोन मिनिटं मला अजून आठवतात. जीप जंगल खात्याची होती, निघून गेली. सिर्काबाईंनी माझा हात धरला होता हे मला ती गेल्यावर कळलं.

म्हादूचं घर वस्तीच्या टोकाला होतं, कौलारू, पुढं शेणानं सारवलेलं खळं. गणपतरावांना गाडीपाशी ठेवलं. दारात म्हादूची म्हातारी आई आणि बायको हौसाबाई, दोघी भात झोडत होत्या. सिर्काबाईंनी उंबऱ्याबाहेर बूट काढून ठेवले आणि मग आत पाऊल टाकलं. त्यांच्या देशातही घरात पायातलं घालून जात नाहीत. म्हातारी बघतच राहिली. "गोरी असून वळण हाय गं बाईला," ती म्हणाली. नाव विचारलं, मी सांगितलं. "शिरकाई!" म्हातारीनं हात जोडले. "देवीचं नाव हाय."

हौसाबाई तिशीची असेल. खणाची चोळी, उन्हानं रापलेला चेहरा, कपाळावर आडवं ठसठशीत कुंकू. आम्ही कशाला आलोय ते मी हळू आवाजात सांगितलं. तिनं म्हातारीला मागल्या दाराला बसवलं आणि सगळं नीट सांगितलं, एकही टिपूस न काढता.

"शिमग्याच्या आदल्या दिशी नेलं. कालवण चुलीवर हुतं. चौघं आलते. मी म्हनलं, कागुद दावा. म्हनले, तुला वाचाय येतंय व्हय? म्हनलं, न्हाय येत, पर दावा तर. न्हाय दावला. तवापासनं काय बी न्हाय. मलकापूरला गेलते, म्हनले कोल्हापूरला जा. कोल्हापूरला गेलते, म्हनले हितं असलं नाव न्हाय. आता भावकी म्हनतीया, म्हादू काय परत येत न्हाय, कुंकू पुस आणि जमिनीचं काय ते ठरवू. म्हातारी बी म्हनाय लागलीया." तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. "बाई, तेवढं एक सांगा. जित्ता हाय का न्हाय?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. सिर्काबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांच्याजवळ एका सुटून आलेल्या कैद्यानं सांगितलेली यादी होती. त्या सावकाश, एकेक शब्द तोडून बोलल्या.

"तिला सांग, दूरच्या एका तुरुंगात तो आहे. जूनमध्ये तो जिवंत होता, एकानं त्याला डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर त्या तुरुंगात तापाची साथ आली. दोघं दगावले, त्यांची नावं आम्हाला माहीत नाहीत. जूननंतरचं आम्हाला काहीही माहीत नाही."

हौसाबाई माझ्या तोंडाकडं बघत होती. म्हातारी मागल्या दारातून उठून आत आली होती. तीही बघत होती.

मी म्हटलं, "जिवंत आहेत. लांबच्या तुरुंगात आहेत. एकानं डोळ्यांनी बघितलंय."

तेवढंच. जून माझ्या तोंडातून बाहेर आला नाही. ताप तर नाहीच.

म्हातारीनं जमिनीवर कपाळ टेकलं. हौसाबाई भिंतीला धरून उभी राहिली आणि मग जी रडायला लागली, ती पदर तोंडात कोंबूनही तिचा आवाज दबेना. नंतर तिनं आम्हाला नाचणीची भाकरी, वाटलेली मिरची आणि ताजं ताक दिलं. सिर्काबाईंनी भाकरीचा तुकडा मिरचीत नको तेवढा बुडवला, त्यांचा चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. म्हातारी हसून हसून वाकली. त्या घरात आठ महिन्यांत कुणी हसलं नव्हतं म्हणे. मी भाकरीचे तुकडे करत बसले.

आजरा

दुसऱ्या दिवशी कागल, निपाणी, उत्तूर असं करत आजऱ्याला निघालो. निपाणीत तंबाखूचा वास हवेतच असतो. सिर्काबाईंना शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. राज्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर शिपायानं गाडी अडवली, आत डोकावून शिंकणारी गोरी बाई बघितली आणि हसून सोडून दिलं. मला हसायला आलं नाही. मी रात्रभर जागी होते आणि माझ्या मनात पोलिसांची भीती दुसऱ्या नंबरवर गेली होती.

उत्तूरच्या पुढं मी सांगून टाकलं. जून गाळल्याचं, ताप गाळल्याचं.

सिर्काबाई एकदम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तो मेलेला असेल तर?" त्यांनी विचारलं.

"मला तिचा चेहरा बघवला नाही."

"म्हणजे तू तुझ्यासाठी खोटं बोललीस, तिच्यासाठी नाही. मेहरून, माझ्याकडं सैन्य नाही, पैसा नाही. मी सरकारांना पत्र लिहिते तेव्हा माझ्याजवळ एकच गोष्ट असते. मी लिहिलेलं खरं असतं, आणि कोणत्या तारखेपर्यंत खरं ते मी सांगते. ते गेलं तर मी फक्त एक परदेशी आगाऊ बाई उरते."

मग त्या वळून खिडकीबाहेर बघत राहिल्या. गणपतरावांनीही आजऱ्यापर्यंत आरशात बघितलं नाही.

आजऱ्यात प्राध्यापकाच्या वडिलांना सगळे अण्णा म्हणत. घराशेजारीच काजू भाजायची शेड होती. बायका ओळीनं बसून लाकडी दांडक्यानं काजू फोडत होत्या. टरफलाच्या तेलानं त्यांची बोटं काळीठिक्कर पडलेली, कातडी सोललेली, आणि त्या बोटांतून पांढरेशुभ्र गर टोपलीत पडत होते. अण्णांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, घनसाळ तांदळाचा भात, आमटी, लोणचं असं सगळं वाढलं. भाताच्या वासानं ओसरी भरून गेली. एवढं आगत-स्वागत झालं आणि मी मुलाचं नाव काढल्याबरोबर ते म्हणाले, "तो मुंबईला आहे. नोकरीला."

"अण्णा, आम्ही देसाई वकिलांकडून आलोय."

"मुंबईला आहे. पत्र येतं दर महिन्याला. सुखात आहे." त्यांनी माझ्या पानात पुन्हा भात वाढला. "धाकट्याची नोकरी सरकारी आहे, पावणं. तो मुंबईला आहे, एवढंच लिहा."

सिर्काबाईंनी मान डोलावली आणि वही पिशवीत टाकली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. निघताना अण्णा गाडीपर्यंत आले, घनसाळचं पुडकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि खिडकीशी वाकून कुजबुजले, "थंडीचं पांघरूण देतात का हो तिथं?" उत्तराची वाट न बघता वळून गेले.

हिरण्यकेशीच्या पुलाजवळ सिर्काबाईंनी गाडी थांबवायला सांगितली. आम्ही नदीकाठच्या खडकावर बसलो. त्यांनी बूट काढून पाय पाण्यात सोडले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी जमेल तसं मराठीत लिहिते.

"आमच्या देशाच्या पूर्वेला मोठा शेजारी आहे. आम्ही लहान आहोत. त्याच्याबद्दल काय बोलायचं नाही हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही, मुलं दुधाबरोबर शिकतात. मी सीमेजवळच्या गावात शिक्षिका होते. पहिल्यांदाच नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी होते. एका सकाळी आमच्या गोठ्यात एक माणूस सापडला. जंगलातून सीमा ओलांडून आलेला, पस्तिशीचा, पाय सुजलेले. मी त्याला सूप दिलं, कोरडे मोजे दिले. मग कायद्याप्रमाणे अधिकाऱ्यांना फोन केला. वाटलं, त्याचं म्हणणं ऐकून घेतील. दुसऱ्या दिवशी त्याला परत पाठवलं. गाडीत बसवताना तो माझ्याकडं बघून एकच शब्द बोलत होता. मला त्याची भाषा येत नव्हती. पण शब्द कळला. वर्तमानपत्रवाल्यानं मला विचारलं, तुमच्या गोठ्यात कुणी सापडलं होतं का? मी म्हटलं, मला काही माहीत नाही. मतदानाला तीन आठवडे होते. मी निवडून आले."

नदीत बायका धुणं बडवत होत्या, त्याचा आवाज येत होता.

"त्यानंतर मी या संस्थेत आले. लांबच्या देशांतल्या तुरुंगांबद्दल लिहिते. माझा पक्ष खूश आहे. लांबचं लिही म्हणतो. पुढं संसदेचं तिकीट देऊ म्हणतो. जवळचं मात्र विचारू नको म्हणतो." त्या माझ्याकडं वळल्या. "मी तुझ्यावर सकाळी रागावले. माझ्याजवळ त्याचा अधिकार थोडाच आहे. पण उद्या आपण परत जाऊ."

मी गणपतरावांना सांगितलं, उद्या पुन्हा शाहूवाडी. ते विडी ओढत बॉनेटला टेकले होते. त्यांनी विडी पायाखाली विझवली.

"बाई, एक सांगतो, रागाला येऊ नगासा. फौजदारानं मला रोज संध्याकाळी चौकीवर बोलावलंय. कुठं गेलतो, कुणाला भेटलो, सगळं सांगायचं."

माझा संशय खरा निघाला होता.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगनार? म्हातारीच्या घरात भाकरी खाल्ली, म्याडमच्या डोळ्यातनं पानी आलं. घोंगडं बगितलं. खोटं कुठं हाय? भिताडाला टांगल्यालं गाडीपासनं दिसत हुतंच की एक." मग त्यांनी आवाज खाली आणला. त्यांनाही खालचा आवाज होता तर! "माझा मेव्हणा बी गिरणी कामगारांत हुता. त्येचा बी पत्त्या न्हाय. पर बाई, एकच घोंगडं दोनदा बगाय कोन जातंय? ह्ये मातर फौजदाराला पटायचं न्हाय. आपन विकत घ्यायला चाललूया म्हना. मोल ठरत न्हाय म्हना. बायकांचं मोल ठरंस्तोवर चार खेपा हुत्यातच."

पुन्हा शाहूवाडी

वाटेत मी वाक्यं जुळवत होते. 'हौसाबाई, परवा मी अर्धंच सांगितलं.' 'हौसाबाई, एक सांगायचं राहिलं.' राहिलं कसलं, मी गाळलं होतं. मनातल्या मनात सतरा वेळा म्हणून बघितलं आणि प्रत्येक वेळी ते जास्तच वाईट वाटलं. सिर्काबाई म्हणाल्या, "शब्द जुळवू नकोस. जे मी बोलले तेच बोल."

वस्तीवर पोचलो तर खळ्यात चारपाच बायका बसलेल्या. आमची गाडी बघून हौसाबाई धावत आली. तिच्या हातात नवा हिरवा चुडा होता, कोपरापर्यंत. केसांत शेवंती. म्हातारीनं देवीला नैवेद्य केला होता, पुरणाचा वास सगळ्या वस्तीत सुटला होता.

"आला का काय निरोप?" तिनं विचारलं.

मी तिला गोठ्याच्या बाजूला नेलं. आणि सगळं सांगितलं. जून. ताप. दोन माणसं दगावली, नावं माहीत नाहीत. जूननंतरचं कुणालाच काही माहीत नाही. परवा म्याडमनी हे सगळं सांगितलं होतं, मी तुला सांगितलं नाही.

तिचा चेहरा हळूहळू थिजला. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. तिनं माझ्या दंडाला धरून मला गोठ्याच्या मेढीच्या खांबावर ढकललं, खरोखरच ढकललं.

"तुला कुनी सांगितलं हुतं गं गाळाया? तुझा कोन हुता त्यो? मी आठ म्हैनं काळीज दगडाचं केलतं. तू यीऊन त्ये फोडलंस. आता ह्यो चुडा भरला गावादेखत. उद्या काय वाईट आलं, तर ह्याच बाया माझा चुडा फोडाय येत्याल. ह्याच हातांतला." तिनं दोन्ही हात माझ्या तोंडासमोर धरले. "शिकलेली हायस न्हवं? साळंत शिकिवतीस? काय शिकिवतीस?"

सिर्काबाई दोन पावलांवर उभ्या होत्या. शब्द कळत नव्हते, पण त्यांनी नजर हटवली नाही. मीही उभी राहिले. जावंसं फार वाटत होतं.

मग हौसाबाईनं खळ्याकडं बघितलं. खळ्यातल्या बायका माना उंच करून बघत होत्या. "तापाचं म्हातारीला सांगू नगंस," ती म्हणाली. "तिला मी सांगंन, कवा सांगायचं त्ये." मग सिर्काबाईंकडं वळून म्हणाली, "ह्यास्नी म्हनावं, वही काडा. परवा मी चौघांची नावं सांगितली न्हवती. भ्यालते. दोघं मला वळखू येत्यात. ल्ह्या."

तिनं नावं सांगितली. मी इंग्रजीत सांगितली, सिर्काबाईंनी लिहिली. हौसाबाईनं अंगठा केला. चुडा किणकिणला. शाईचं बोट तिनं गोठ्याच्या भिंतीला पुसलं आणि आम्हाला जेवा म्हणाली नाही.

गणपतरावांनी खरंच एक जुनं घोंगडं म्हातारीकडून मागून घेतलं होतं. ते मांडीवर घेऊन सिर्काबाई कोल्हापूरपर्यंत आल्या आणि त्याच संध्याकाळी मिरजेकडं गेल्या. वही त्या घोंगड्याच्या घडीत होती.

नंतर

शाळा सुरू झाल्यावर फौजदार मुख्याध्यापिकाबाईंना भेटून गेले. मला बोलावून घोंगड्यांबद्दलच अर्धा तास विचारलं. माझं कायम होणं त्या वर्षी पुढं ढकललं गेलं, कारण कुणी सांगितलं नाही.

सिर्काबाईंची पत्रं आणीबाणी उठल्यावर मोकळेपणी यायला लागली. पक्षानं दिलेल्या तिकिटावर त्या संसदेसाठी उभ्या राहिल्या आणि पहिल्याच सभेत त्यांनी गोठ्यातल्या माणसाची गोष्ट सांगितली. सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही म्हणे, कुणी खोकलंसुद्धा नाही. पक्षाच्या वडीलधाऱ्यांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. त्या पडल्या. चार वर्षांनी दुसऱ्यांदा उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. मागच्या पत्रात त्यांनी लिहिलंय, 'आता मला रोज गप्प बसायला सांगतात, फक्त पूर्वीपेक्षा गोड आवाजात. संसदेत कॉफी चांगली मिळते.'

पण माझ्या दृष्टीनं हा प्रवास त्याआधीच संपला होता, त्याच थंडीत, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात. मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला, फाटकाशी कुणी खेड्यातली बाई तुम्हाला विचारतेय. मी गेले. हौसाबाई होती. पहाटेच्या एस.टी.नं आलेली, पायावर लाल धूळ, हातात तोच हिरवा चुडा. पोलक्यातून तिनं एक पोस्टकार्ड काढलं.

"काल आलं. गावात वाचनारं हायत, पर त्येंच्याकडं दिलं न्हाय," ती म्हणाली. "तू वाच. जसं हाय तसं वाच."

कार्डावर तुरुंगाचा शिक्का होता. आम्ही फाटकाजवळच्या पायरीवर बसलो. पोरी मैदानात लंगडी खेळत होत्या. आधी मी वरची तारीख वाचली. पौषातली, अकरा दिवसांपूर्वीची. तिनं बोटांवर अकरा मोजले आणि मान हलवली. मग मी वाचायला लागले.

"'सौ. हौसाबाईस आशीर्वाद. मी जिवंत आहे. हे कार्ड दुसऱ्याकडून लिहवून घेत आहे. मला ताप आला होता, आता उतरला आहे, पण चालताना दम लागतो. परदेशातून पुष्कळ पत्रं आली, म्हणून कार्ड लिहायला मिळालं असं म्हणतात. आईची काळजी घे. खालचं खाचर भावकीला देऊ नको.'"

मी थांबले.

"झालं?"

"नाही. पुढं काळं केलंय. शाईनं. वाचता येत नाही."

"किती?"

मी कार्ड उजेडाला धरलं. उलटं धरून बघितलं. काही दिसत नव्हतं. "तीन ओळी."

"तीन," ती म्हणाली. "बरं. फुडं?"

"पुढं त्यांचा अंगठा आहे."

तिनं कार्ड माझ्या हातातून घेतलं, अंगठ्याच्या ठशावर आपलं बोट ठेवलं आणि घंटा होईपर्यंत ते उचललं नाही.